उपाशी शिफ्ट आणि चहाची बदनामी

दूध-साखरेचा उकळलेला चहा हे कामगारांच्या आणि आदिवासींच्या आजारपणाचं मूळ आहे, हे मत आजकाल इतक्या ठामपणे मांडलं जातं की त्याला कुणी पुरावा मागत नाही. आरोग्य शिबिरांच्या फलकांवर ते असतं, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत असतं, वापी-सिल्वासाच्या सोसायट्यांमधल्या गप्पांत असतं. त्याची मांडणी अशी : टपरीवरचा चहा म्हणजे विष. भुकटी हलक्या प्रतीची, तिच्यात जे काही गुण होते ते दुधाने मारलेले, वर साखरेचा मारा. या लोकांना कळत नाही, म्हणून ते दिवसातून पाच-सहा वेळा तो पितात आणि मग अंगात रक्त नाही, पोटात आग पडते, ताकद राहिली नाही अशी तक्रार घेऊन दवाखान्यात येतात. शहाण्या माणसाने ग्रीन टी घ्यावा. ऐपत असेल तर व्हाइट टी घ्यावा. तेही नको असेल तर शेवगा, तुळस, ‘डिटॉक्स’ असं काही घ्यावं. शरीर शुद्ध होईल, वजन उतरेल, रक्त वाढेल.

हे मत चुकीचं आहे, आणि राखोलीसारख्या गावात ते घातकही आहे. दादरा-नगर हवेलीत, सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दमणगंगेच्या काठी हे गाव आहे. आजूबाजूच्या पाड्यांवर वारली, कोकणा, धोडिया कुटुंबं राहतात, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना धाग्याच्या, प्लास्टिकच्या कंपन्या आहेत. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, खानदेश इथून आलेली माणसं आणि पाड्यांवरच्या मुली-मुलगे त्या यंत्रांपाशी उभे असतात. बारा तासांची शिफ्ट या पट्ट्यात कुणाला नवलाची वाटत नाही. गेटबाहेरच्या टपरीवर आलं ठेचून, गवती चहा आणि पुदिना टाकून जो चहा उकळतो, त्याच्या आधारावर कितीतरी माणसं रात्र काढतात. जो माणूस रात्री आठला आत गेला आणि सकाळी आठला बाहेर आला, त्याला तू चुकीच्या जातीचा चहा पितोस म्हणून तू आजारी आहेस, असं सांगायचं? त्याने रात्रभरात काय खाल्लं, हे न विचारता?

जातीपासूनच सुरुवात करू. ग्रीन, व्हाइट, ऊलाँग, काळा चहा आणि टपरीवरची भुकटी हे सगळं एकाच झाडाच्या पानांपासून होतं : कॅमेलिया सायनेन्सिस. पान खुडल्यावर त्याचं काय करतात, एवढाच फरक. ते लगेच वाफवलं किंवा कढईत तापवलं की हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी त्याची क्रिया थांबते आणि ते हिरवं राहतं. चुरगळून ती क्रिया पूर्ण होऊ दिली की काळा चहा. मध्येच थांबवली की ऊलाँग. कोवळ्या कळ्या खुडून जवळजवळ नुसत्याच सुकवल्या की व्हाइट टी. सीटीसी भुकटी म्हणजे काळा चहाच. पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून त्याचे बारीक दाणे केलेले असतात. १९३०च्या सुमारास आसामात विल्यम मॅककर्चर यांनी ही पद्धत आणली, आणि तिच्यामुळे थोड्या पानात जास्त कप आणि कडक चहा मिळू लागला. दाण्याचा आकार लहान म्हणून माल हलका, हा निष्कर्ष कुठून आला? सीटीसीत उत्तम बागेचा चहा असतो तसा निकृष्टही असतो, जसा तो ग्रीन टीतही असतो. भेसळीची शंका असेल तर पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर भुकटी टाकून पाण्याचे थेंब सोडावेत; रंग मारलेली असेल तर कागदावर लगेच डाग उमटतात. भेसळ करणाऱ्याला पकडा. त्यासाठी चहाच्या एका अख्ख्या प्रकाराला गुन्हेगार ठरवायचं कारण नाही.

ग्रीन टीत कॅटेचिन नावाची द्रव्यं भरपूर असतात आणि काळ्या चहात ती उरत नाहीत, हा चहाविरोधकांचा आवडता मुद्दा. अर्धा बरोबर आहे. काळा चहा होताना कॅटेचिनांचा मोठा भाग थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन या द्रव्यांत बदलतो. तो नाहीसा होत नाही. २००१ साली हाँगकाँगच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत तुलना केली तेव्हा काळ्या चहातली थिआफ्लेविनं ऑक्सिडीकरण रोखण्यात ग्रीन टीतल्या कॅटेचिनांइतकीच प्रभावी दिसली. काचेच्या नळीत जे दिसतं ते माणसाच्या शरीरात तसंच घडेल असं नाही, हे खरं. मग हीच सावधगिरी ग्रीन टीच्या खोक्यावरच्या दाव्यांना का लावली जात नाही?

आता दूध. दूध घातलं की चहाचे गुण संपतात, या दाव्यामागे एक खराखुरा अभ्यास आहे. २००७ साली बर्लिनमध्ये तो झाला. काळा चहा प्यायल्यावर रक्तवाहिन्या सैलावण्याची क्षमता वाढली आणि दूध घातल्यावर तो परिणाम दिसला नाही. अभ्यासात स्त्रिया होत्या सोळा. सोळा जणींवरून सगळ्या भारताच्या चहाचा निकाल लावून मंडळी मोकळी झाली. २०२२ साली ब्रिटनमधल्या जवळपास पाच लाख प्रौढांच्या, सुमारे अकरा वर्षं ठेवलेल्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक चहाबाज काळा चहा पिणारे. दिवसाला दोन किंवा अधिक कप पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा ९ ते १३ टक्क्यांनी कमी आढळला, आणि चहात दूध किंवा साखर आहे की नाही याने त्यात फरक पडला नाही. अशा नोंदींवरून चहानेच आयुष्य वाढतं असं सिद्ध होत नाही. इंग्रजांच्या चहात दूध थोडं असतं आणि ते वरून घालतात, आपण निम्मं दूध घालून उकळतो, हाही फरक आहे. पण चहात दूध पडताच तो निरुपयोगी होतो, हे विधान मात्र या आकड्यांपुढे उभं राहत नाही.

ग्रीन टीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावाही मी बाजूला सारत नाही. जपानमधल्या चाळीस हजारांहून अधिक प्रौढांच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रीन टी जास्त पिणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी दिसले. पण त्या लोकांनी तो आरोग्याच्या दुकानातून आणलेला नव्हता. तो त्यांचा घरचा, बापजाद्यांपासूनचा चहा आहे. म्हणजे जपानी माणसाचा रोजचा चहा त्याला मानवतो, इंग्रजाचा रोजचा दूध घातलेला चहा त्यालाही मानवतो, आणि राखोलीच्या कामगाराचा रोजचा चहा तेवढा विष?

दुधाच्या चहाविषयीची ही नाराजी नवी नाही, आणि तिचा जन्म आरोग्याच्या काळजीतून झालेला नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात चहा उत्पादकांच्या संघटनेने कारखाने, कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्या इथे चहाच्या टपऱ्या उभ्या करवल्या. कामगाराला चहाची सुट्टी द्या, तो जास्त काम करील, असं मालकांना पटवलं. कामगारांनी चहा स्वीकारला, पण आपल्या पद्धतीने : दूध जास्त, साखर जास्त, मसाला, आणि पत्ती कमी. ते प्रचारकांना रुचलं नाही, कारण त्या पद्धतीत पत्ती कमी खपत होती. ‘तुम्ही चहा चुकीचा करता’ हे गरिबाला ऐकवण्यामागे तेव्हा विक्रीचा हिशेब होता. आज पंचवीस पिशव्यांचा डबा दीड-दोनशे रुपयांना विकणारा तेच वाक्य म्हणतो, तेव्हा त्याचा हिशेब वेगळा असेल असं मानायला माझ्याकडे काही आधार नाही.

वजनाच्या दाव्याला फार जागा द्यायची गरज नाही. ग्रीन टीच्या गोळ्या-पेयांवरच्या चाचण्यांचा २०१२ साली कोक्रेन या संस्थेने आढावा घेतला. जपानबाहेरच्या चाचण्यांत किमान तीन महिने घेऊन सरासरी घट ०.०४ किलो निघाली. चाळीस ग्रॅम. ‘डिटॉक्स’चं तर नावच फसवं. शरीरातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि ती काम करेनाशी झाली तर माणसाला रुग्णालय लागतं, चहाची पिशवी नाही. वजन उतरवणाऱ्या अनेक चहांमध्ये सोनामुखी असते. ती जुलाब करवते. काट्यावर जे कमी दिसतं ते शरीरातलं पाणी. उकाड्यात यंत्रापाशी घाम गाळणाऱ्या माणसाला जुलाबाचं औषध चहा म्हणून विकणं हा आरोग्याचा सल्ला कसा होतो? ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या तर याहून पुढच्या. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी हे कॅटेचिन पोटात गेल्यास यकृताला इजा होत असल्याच्या खुणा दिसतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली दिला.

शेवग्याच्या पानांची पूड ‘मोरिंगा टी’ म्हणून पिशवीत भरून विकली जाते तेव्हा मला जास्तच वाईट वाटतं. या भागात कितीतरी घरांच्या मागे शेवगा उभा आहे. त्याच्या पाल्याची भाजी खाल्ली तर प्रथिनं, कॅल्शियम, अ जीवनसत्त्व पोटात जातं. तोच पाला गरम पाण्यात बुडवून चोथा फेकून दिला तर काय हाती लागतं? ज्या बाईच्या दारात झाड आहे तिला पाल्याची भाजी कर म्हणून सांगायला पैसे पडत नाहीत, म्हणून ते कुणी सांगत नाही.

या सगळ्यापेक्षा गंभीर प्रश्न रक्ताचा आहे, आणि चहाविरोधकांनी सगळ्यात मोठी गल्लत तिथेच केली आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दादरा-नगर हवेलीतल्या १५ ते ४९ वयाच्या ७९.५ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५३ टक्के होता. लहान मुलांमधलं प्रमाण ८४ टक्क्यांच्या पुढे. हा आकडा समोर ठेवला की लगेच बोट चहाकडे जातं : चहा लोह शोषू देत नाही, म्हणून दुधाचा चहा सोडा आणि ग्रीन टी किंवा हर्बल घ्या.

चहा लोह अडवतो, हे पूर्ण खरं आहे. पण कुठला चहा? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पावाच्या जेवणाबरोबर वेगवेगळी पेयं देऊन लोहाचं शोषण मोजलं गेलं. काळ्या चहाने ते ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलं. पुदिन्याच्या चहाने, ज्यात चहाचं पानच नव्हतं, ८४ टक्क्यांनी. कॅमोमाइलने ४७ टक्क्यांनी. दूध घातल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. लोहाला धरून ठेवतात ती पॉलिफेनॉल द्रव्यं. म्हणजे ज्या द्रव्यांची ग्रीन टीच्या खोक्यावर जाहिरात असते, तीच जेवणाबरोबर पोटात गेली तर लोह अडवतात. रक्त कमी असलेल्या बाईला जेवणाबरोबर ग्रीन टी प्यायला सांगणारा माणूस तिचं नुकसान करतो आहे, आणि तिचं भलं केल्याच्या समाधानात घरी जातो आहे.

आणखी एक. पाड्यांवरच्या कितीतरी घरांत दुधाचा चहा होतच नाही, कारण दूधच नसतं. तिथे कोरा चहा असतो, गूळ किंवा साखर घातलेला. आरोग्यवाले ज्याची शिफारस करतात तो बिनदुधाचा चहा ही माणसं वर्षानुवर्षं पीत आली आहेत. दूध सोडल्याने रक्त वाढत असतं, तर या पाड्यांवर ते कधीच वाढलं नसतं का?

मग काय सांगायला हवं? वेळ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४मध्ये दिलेल्या आहारसूत्रांत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. गरोदर स्त्रीला सहा महिने रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी दिली जाते. ती चहाच्या घोटाबरोबर गिळली तर गोळीतल्या लोहाचा बराच भाग वाया जातो, आणि लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर फायदा वाढतो. इतकी साधी, बिनखर्चाची गोष्ट आहे. ती सांगायला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांऐवजी कॅटेचिनांवरचं व्याख्यान दिलं जातं.

शिवाय रक्तक्षय म्हणजे फक्त लोहाची कमतरता नव्हे. वारली, धोडिया, दुबळा, कोकणा या समाजांत सिकलसेलचं जनुक आढळतं. ज्याच्या रक्तपेशीच विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर मरतात, त्याचं हिमोग्लोबिन चहा सोडल्याने वर येणार आहे का? त्याला तपासणी हवी, औषध हवं, भरपूर पाणी हवं. तपासणी न करता चहावर ठपका ठेवला की आजार तसाच राहतो आणि रुग्णाला मात्र आपलीच चूक झाली असं वाटत राहतं.

टपरीवरच्या चहात धोका नाहीच, असं मी म्हणत नाही. धोके आहेत, पण चहाविरोधक ज्यांवर बोलतात ते नव्हेत. पहिला धोका साखरेचा. छोट्या पेल्यात दीड-दोन चमचे धरले तर पाच पेल्यांत तीस-चाळीस ग्रॅम साखर होते, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाकाठी सगळी मिळून पंचवीस ग्रॅमच्या आत राहिलेलं चांगलं म्हणते. साखर कमी करा, हे जरूर सांगा. पण मग ३०० मिलिलिटर थंड पेयाच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते, हेही त्याच दमात सांगा. आणि ग्रीन टीत मध घालणाऱ्याला सांगा की जागतिक आरोग्य संघटना मधही त्याच साखरेत मोजते.

दुसरा धोका उष्णतेचा. ६५ अंश सेल्सिअसच्या वर असलेली पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली नोंदवलं. इथे चहाची जात, दूध, साखर यांचा संबंधच नाही. उकळता ग्रीन टीही तितकाच वाईट. बशीत ओतून, फुंकर मारून चहा पिणाऱ्या म्हाताऱ्यांना आपण गावठी म्हणून हसलो. त्यांची रीत या बाबतीत आपल्यापेक्षा बरी होती.

तिसरा धोका प्लास्टिकचा, आणि राखोलीत तो रोज दिसतो. टपरीवरून आत यंत्रापाशी चहा जातो तो पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, उकळता, वर दोरा बांधून. तिथे तो कागदी पेल्यांत ओतला जातो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की अशा कागदी पेल्यात १०० मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटं ठेवलं तर आतल्या अस्तरातून प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण त्यात उतरतात. महागड्या चहाच्या काही पिशव्याही प्लास्टिकच्याच असतात. २०१९ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या अभ्यासात तशा एका पिशवीतून कोट्यवधी सूक्ष्म कण पाण्यात उतरलेले आढळले. स्टीलची किटली आणि काचेचा पेला हा या सगळ्यावरचा उपाय आहे. ग्रीन टी हा उपाय नाही.

आणि चौथा, ज्यामुळे मी हे सगळं लिहितो आहे : इथे चहा जेवणाच्या जागी बसला आहे. रात्री दोन-तीनला भूक लागते तेव्हा टपरीवर चहा आणि बिस्किटाचा पुडा मिळतो, भाकरी-डाळ मिळत नाही. रिकाम्या पोटी कडक चहा गेला की आग पडते. शिफ्ट संपता संपता चहा घेतला की सकाळी खोलीवर झोप लागत नाही, आणि पुन्हा संध्याकाळी उभं राहण्यासाठी चहा लागतो. कॅफिनची जी मर्यादा आयसीएमआरने सांगितली आहे ती दिवसाला ३०० मिलिग्रॅमची आहे. एका वाढपात ३० ते ६५ मिलिग्रॅम धरलं तर टपरीच्या पाच छोट्या पेल्यांत माणूस ती सहसा ओलांडत नाही. त्याला आजारी करतं ते कॅफिन नाही. त्याला आजारी करते न झालेली झोप आणि न मिळालेलं जेवण.

पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी, आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उपाहारगृह, या गोष्टी १९४८च्या कारखाना कायद्याने घालून दिल्या. त्याला पाऊणशेहून अधिक वर्षं झाली. रात्रीच्या शिफ्टला गरम जेवण मिळतं का, कंत्राटी कामगाराला त्या उपाहारगृहात बसता येतं का, जेवणाची सुट्टी खरोखर अर्धा तास असते का, हे प्रश्न विचारायला धैर्य लागतं, कारण उत्तर मालकाला द्यावं लागतं. चहा सोड म्हणायला धैर्य लागत नाही, कारण ते कामगाराला ऐकवायचं असतं. आरोग्याचा सल्ला देणाऱ्याने यातलं सोपं निवडलं आहे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

राखोलीत येऊन आरोग्यावर बोलायचं असेल त्याने हिमोग्लोबिन मोजण्याचं यंत्र आणि सिकलसेलच्या तपासणीचं साहित्य घेऊन यावं. बायकांना विचारावं, गोळी कशाबरोबर घेता? पोरांना विचारावं, काल रात्री किती वाजता जेवलात आणि काय जेवलात? टपरीवाल्याला स्टीलची किटली द्यावी, साखर अर्धी करायला सांगावी. कंपनीच्या गेटवर जाऊन रात्रीच्या जेवणाची वेळ लिहून मागावी. एवढं केल्यावरही त्याला त्या आल्या-पुदिन्याच्या चहात दोष सापडला, तर त्याने तो जरूर सांगावा. मी ऐकायला तयार आहे. त्याआधी त्या माणसाच्या हातातला पेला काढून घ्यायचा अधिकार कुणालाही नाही.